तुमचं ‘वुडवर्किंग’, आमचं सुतारकाम!

शहरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत रंधा चालवला तर ती ‘क्रिएटिव्ह हॉबी’. तोच रंधा गावात लिंबाच्या झाडाखाली चालवला तर ‘ए मिस्त्री, किती घेणार?’ लाकूड तेच, रंधा तोच. मग फरक कुठून आला?

मी बनवलेलं पहिलं स्टूल बरोबर तीन आठवडे टिकलं.

म्हणजे ते आहे अजून. ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं आहे. पण त्याच्यावर बसायची कुणाची हिंमत नाही. आई त्यावर वाळवणाचं ताट ठेवते, आणि ठेवतानाही एका हातानं स्टूल धरून ठेवते.

या मोडक्या स्टुलावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. त्याची ही गोष्ट, आणि त्यातून मला पडलेले काही प्रश्न.

मागच्या उन्हाळ्यात मास कॉमची शेवटची परीक्षा देऊन घरी आले. घर म्हणजे देवगाव फाटा, तालुका सेलू. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, त्या परभणी जिल्ह्यातलं हे गाव. मंठ्याहून येणारा रस्ता इथं फुटतो, एक सेलूकडे जातो आणि एक जिंतूरकडे. फाट्यावर चहाची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, हंगामात कापसाच्या गाड्या आणि संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत बॅगेवर बसलेली पोरं. आमच्याकडे तरुण माणूस फाट्यावर दिसला, की तो कुठंतरी निघालाय असंच समजतात.

मीही निघणारच होते. पण इंटर्नशिप सुरू व्हायला दोन महिने होते. बाहेर ऊन असं, की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. घरात मी आणि मोबाइल. रील्स बघता बघता एक जपानी माणूस दिसला, एकही खिळा न वापरता टेबल बनवणारा. मग पॉल सेलर्स नावाचे एक ब्रिटिश सुतार सापडले. हे आजोबा फक्त हातानं चालवायच्या हत्यारांनी काम शिकवतात, तेही इतक्या शांतपणे की बघणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर मलाही जमेल! चौथ्या रात्री डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी हत्यारं तर आपल्याच माळ्यावर आहेत.

कारण माझे आबा, म्हणजे आजोबा, सुतार. गावचे सुतार.

‘अजून रडायलंय हे लाकूड’

माळ्यावरून आबांची पेटी खाली काढली. वाकस, दोन रंधे, चार पटाश्या, करवत, गिरमिट, गुण्या. सगळ्यावर गंज. आबा ओसरीत तंबाखू मळत बसले होते.

“काय करायलीस गं?”

“स्टूल करतेय आबा.”

“कामून?”

“असंच. हौस.”

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “हौस म्हणून कुणी वाकस धरतं का?”

आरा मशीनवरून लिंबाची एक फळी आणि चार पायांपुरतं लाकूड आणलं. आबांनी फळीला नख लावलं, वास घेतला आणि म्हणाले, “अजून रडायलंय हे. वरीसभर सावलीत ठेव.” मला दोन महिन्यांनी संभाजीनगर गाठायचं होतं, लाकडाला वर्षभर कुठून देऊ? व्हिडिओ बघत, दोन बोटं कापून घेत स्टूल बनवलं. फोटो काढला आणि लाकूडकामाची हौस असणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकला. ‘फर्स्ट बिल्ड!’ असं लिहून. धडाधड हार्ट आले. आयुष्यात माझ्या एकाही बातमीला एवढे आले नाहीत.

तीन आठवड्यांनी, मे महिन्याच्या फुफाट्यात, स्टुलाचे चारही पाय खुळखुळायला लागले आणि फळीला मधोमध चीर गेली.

ग्रुपवर विचारलं. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरनं लगेच उत्तर दिलं, “मॉइश्चर मीटरनं चेक केलं होतंस का?” काय सांगणार त्याला? आमच्याकडचं मॉइश्चर मीटर ओसरीत बसून तंबाखू मळत होतं, मीच ऐकलं नाही.

पण त्या माणसानं नंतर जे समजावून सांगितलं, त्यासाठी मी त्याची आभारी आहे. कापलेल्या लाकडातलं पाणी हळूहळू उडून जातं आणि लाकूड आक्रसतं. मात्र ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. लांबीत फरक जवळजवळ शून्य, रुंदीत मात्र चांगलाच जाणवेल एवढा. पायाच्या टोकाला जो कुसू काढून फळीच्या भोकात घट्ट ठोकतात, तो सुकून बारीक झाला आणि सांधा सैल पडला. एक इंच जाडीची फळी सावलीत वाळायला साधारण वर्ष लागतं, हा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. आबांनी तेच तर सांगितलं होतं. फक्त त्यांनी ‘मॉइश्चर कंटेंट’ न म्हणता ‘रडायलंय’ म्हटलं होतं.

अण्णा का चिडले?

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका शाळेत क्लार्क आहेत. माझा फोटो फिरत फिरत एका नातेवाइकाच्या मोबाइलवर पोचला. त्यानं अण्णांना फोन करून म्हटलं, “पोरीला डिग्री दिली अन् पोरगी वाकस धरून बसली की!”

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी उचलली आणि माळ्यावर नेऊन ठेवली. जेवताना एवढंच म्हणाले, “तुझ्या आबाचे हात बघ एकदा. त्या हातांतून सुटावं म्हणून मी शिकलो.”

मी आबांचे हात आयुष्यभर बघत आले होते, पण त्या रात्री नीट बघितले. डाव्या अंगठ्याचं टोक नाही. तळहाताची कातडी जोड्यासारखी. मग दोन दिवस आबांजवळ बसून, पत्रकारितेत शिकवतात तसं, नुसतं विचारत आणि ऐकत राहिले.

बारा बलुतेदार आपण शाळेत पाठ करतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी... दोन मार्कांचा प्रश्न. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं. बलुतेदारीचा सगळा हिशेब त्यात आहे. पण आबांचा हिशेब वेगळा होता. मृग निघायच्या आधी गावातली झाडून सगळी तिफण, वखर, कोळपी दुरुस्त करून द्यायची. रात्र रात्र कंदिलाच्या उजेडात बाभळीचं लाकूड तासायचं. रोख पैसा नाही. सुगी झाली की खळ्यावर जायचं आणि वर्षाचं धान्य मागायचं. ‘मागायचं’ हा शब्द आबांचा. काम केलेलं असायचं, तरीही मागायचंच. कुणी पायली भरून द्यायचं, कुणी ‘नंतर ये’ म्हणायचं.

१९७२ च्या दुष्काळात खळीच उठली नाहीत. जिथं कुणब्यालाच खायला नाही, तिथं सुताराला कोण देणार? आबांनी वाकस पेटीत ठेवला आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. पंचविशीतला गावातला सगळ्यात चांगला कारागीर, खडी फोडत होता.

नंतर सुगी परत आली, पण काम पूर्वीसारखं आलं नाही. लोखंडी नांगर तर आधीपासूनच होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो बाजारात आणला होता आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होती. आमच्याकडे हळूहळू ट्रॅक्टर आले, पेरणीयंत्रं आली. लाकडी चाकांच्या गाड्या गेल्या, रबरी टायरच्या आल्या. घरात प्लायवूड आणि सनमायका आला. आबांची तिफण शेवटची कधी पेरायला गेली, हे त्यांना आठवत नाही.

म्हणून अण्णांनी हत्यार सोडलं. आळस म्हणून नाही, लाज म्हणूनही नाही. खळ्यावर जाऊन मागणं सोडायचं, तर हत्यारही सोडावं लागत होतं.

आणि मी डिग्री घेऊन आले, तीच पेटी उघडली आणि म्हटलं, हौस!

ग्रुपमध्ये सगळे होते, फक्त...

ऑनलाइन ग्रुपबद्दल वाईट बोलायचा माझा अजिबात हेतू नाही. उलट तिथं मला फार चांगली माणसं भेटली. पटाशीला धार कशी लावायची, तिचा कोन साधारण ३० अंश का ठेवायचा, रंधा लाकडाच्या रेषेच्या उलट्या दिशेनं मारला की पृष्ठभाग का उचकटतो, हे सगळं त्यांनी एका अनोळखी मुलीला न कंटाळता शिकवलं. मी मुलगी आहे म्हणून कुणी हसलं नाही. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, एक दाताच्या डॉक्टर आहेत, दोन-तीन आयटीवाले, एक आर्किटेक्ट. रविवारी हे लोक गॅलरीत, गॅरेजमध्ये, गच्चीवर लाकूड तासत असतात.

पण एक दिवस सहज मनात आलं, यात सुतार किती?

मी विचारलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकानं लिहिलं, “आमच्या फ्लॅटचं इंटिरिअर करणारा कारपेंटर आहे, पण तो काही वुडवर्कर नाही.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, याची मला खात्री आहे. पण तो जे बोलला ते आपण सगळेच बोलतो. हौशी माणूस ‘मेकर’ असतो, ‘आर्टिस्ट’ असतो, त्याची वस्तू ‘हँडमेड’ असते. पोटासाठी करणारा ‘कारपेंटर’ असतो, ‘मिस्त्री’ असतो, आणि त्याची वस्तू नुसती ‘काम’ असते. हौशी माणसानं चुकवलं तर ‘लर्निंग प्रोसेस’. मिस्त्रीनं चुकवलं तर पैसे कापा. वीकेंड वर्कशॉपला जाऊन एक साधा ट्रे बनवायला शिकायची फी भरताना आपण घासाघीस करत नाही. दाराला कडी बसवायला आलेल्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो.

खरं सांगायचं तर मीही यात आहेच. माझ्या फोटोखाली मी ‘सेल्फ टॉट’ असं लिहिलं होतं. आबा शेजारी बसून ‘पटाशी अशी धर’ म्हणून सांगत होते, आणि मी जगाला सांगितलं की मी स्वतःच शिकले!

मग हौस सोडायची का?

अण्णांचं म्हणणं तसंच होतं. “ज्याला सोडून देता येतं, त्यालाच ती हौस वाटते,” ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. मला रंधा आवडतो, कारण सोमवारी तो खाली ठेवून मला ऑफिसला जाता येतं. आबांना तो सोमवार कधीच मिळाला नाही.

पण एक गोष्ट मी अण्णांना सांगितली. आबांनी सात वर्षांच्या अण्णांच्या हातात करवत दिली. माझ्या दोन्ही आत्यांना मात्र पेटीला हातसुद्धा लावू दिला नाही. गावातल्या दुसऱ्या जातीच्या कुणालाही ते काम शिकायची गरज नव्हती आणि मुभाही नव्हती. म्हणजे ही कला एका जातीतल्या मुलग्यांच्या गळ्यात बांधली होती आणि बाकी सगळ्यांना तिचं दार बंद होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं, की जात नुसती कामं वाटून देत नाही, ती माणसांनाच कप्प्यांमध्ये कोंडते आणि त्यात माणसाच्या आवडीनिवडीला जागाच नसते. मग आवड म्हणून, कुठल्याही जातीच्या मुलानं किंवा मुलीनं वाकस हातात घेणं, हे तो कप्पा फोडणं नाही का?

अण्णा म्हणाले, “फोडणं आहे. पण ज्याला आत कोंडलं होतं, त्याला बाहेर काढलंस का?”

माझं मत या प्रश्नापाशी येऊन ठरलं. हौस चांगलीच आहे. पण सुताराला वगळून केलेली हौस अर्धवट आहे.

हाताला काम, डोक्याला आराम

हौस चांगली का, तेही सांगते. दिवसभर आपण स्क्रीनवर बोट फिरवतो. लाकडावर बोट फिरवून काही पुढे सरकत नाही. करवत रेघेच्या बाहेर गेली की गेली, तिथं ‘कंट्रोल झेड’ नाही. दुपारभर एकच कड सरळ करत बसले, की मोबाइल कुठं ठेवलाय तेही आठवत नाही. रंधा नीट लागला की कागदासारखी पातळ ढलपी सळसळत बाहेर येते, आणि त्या आवाजाचं व्यसन लागतं. परीक्षेच्या, नोकरीच्या, ‘पुढं काय’ या प्रश्नाच्या काळात हे फार मोलाचं आहे.

आणि हे काही माझं एकटीचं खूळ नाही. फिनलंडनं १८६६ मध्येच शाळांमध्ये हस्तकाम आणलं. आजही तिथं मुलं आणि मुली दोघंही लाकूडकाम आणि शिवणकाम शिकतात. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण देणारी गांधीजींची ‘नई तालीम’ तिथून पुढे आली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली खेड्यातली मुलं तिथं वर्कशॉप, वीज, शेती असं सगळं प्रत्यक्ष काम करत शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथं फॅब लॅबही उभी राहिली. पाबळ काही मोठं शहर नाही. मग हे सेलूत, जिंतुरात, परभणीत का होऊ नये?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्पष्ट लिहिलंय, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना काढावेत आणि गावातले सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकावं. वाचून छान वाटतं. पण जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या शाळेतले सर मुलांना घेऊन गावातल्या सुताराकडे गेलेत आणि त्याला ‘सर’ म्हणतायत, असं चित्र तुम्ही कधी पाहिलंय? मी तरी नाही.

सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतारांसह अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी ती आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, शिवाय कमी व्याजाचं कर्ज. चांगलंच आहे. पण त्या सगळ्या योजनेत कारागीर हा शिकणारा आहे. आबांसारख्याला शिकवणारा कधी करणार? त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच व्हाउचरवर मिळत नाही. लाकूड कधी रडतं, बाभूळ कुठल्या कामाला आणि लिंब कुठल्या, गाठ आली तर पटाशी कशी फिरवायची, हे त्यांच्या हातात आहे. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आणि असे आबा फक्त आमच्याच घरात नाहीत.

तर मला म्हणायचंय ते एवढंच...

दोस्तांनो, लाकूडकाम जरूर करा. पण करताना तीन गोष्टी करा.

पहिली, व्हिडिओ बघाच, पण एक दिवस आपल्या गावातल्या, गल्लीतल्या सुताराकडे जा. ‘मला शिकवाल का?’ असं विचारा. तो आधी हसेल, त्याचा विश्वास बसणार नाही. पुन्हा जा. आणि शिकवायचे पैसे द्या. मजुरीच्या दरानं नाही, क्लासच्या दरानं. कोडिंगच्या सरांना फी देताना आपण ‘काका, जरा कमी करा ना’ म्हणत नाही.

दुसरी, फोटो टाकाल तेव्हा कुणाकडून शिकलात ते लिहा. त्याला विचारून त्याचं नाव लिहा. पुण्या-मुंबईतल्या ग्रुपमध्ये असाल तर त्यालाही ग्रुपमध्ये घ्या. मराठीत बोला म्हणजे त्याला बोलता येईल. सगळी चर्चा इंग्रजीत करायची आणि मग ‘कारागीर पुढे येत नाहीत’ म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

तिसरी, कॉलेजात एक टेबल मागा. जिमखान्यासाठी, गॅदरिंगसाठी आपण प्राचार्यांकडे जातोच. तसंच एक जुनी खोली, एक भक्कम टेबल, थोडी हत्यारं आणि आठवड्यातून एक दुपार गावातला एक सुतार, मानधन देऊन. आर्ट्सवाल्यांनाही, कॉमर्सवाल्यांनाही आणि मुलींनाही.

आणि सुरुवात करणाऱ्यांना अनुभवानं सांगते. पाच-दहा हजारांची पॉवर टूल्स लगेच घेऊ नका. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, एक गुण्या आणि धारेचा दगड एवढ्यात पहिले सहा महिने निघतात. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावण्याचा जुगाड अजिबात करू नका. पातं लाकडात अडकलं की मशीन अंगावर उसळतं आणि बोट परत येत नाही. प्लाय किंवा एमडीएफ कापताना मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरला कारण ठरू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेची संशोधन संस्था सांगते. आबांच्या पिढीला हे कुणी सांगितलं नव्हतं. आजही फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये तोंडाला काही न बांधता दिवसभर काम करणारी, आपल्याच वयाची पोरं दिसतात. त्यांच्यासाठी एक मास्क नेऊन द्या. तीही हौसच समजा.

दुसरं स्टूल

दुसरं स्टूल मी दिवाळीच्या सुट्टीत केलं. या वेळी लाकूड आबांनी निवडलं. गोठ्याच्या माळ्यावर पडलेली जुनी तिफण होती, तिचं बाभळीचं लाकूड. कित्येक वर्षं वाळलेलं, दगडासारखं. दोनदा पटाशीची धार गेली. आबा खुर्चीत बसून सांगत होते आणि मी करत होते. ‘अशी नाही. अगं, अशी नाही. दे इकडं,’ म्हणून दोनदा त्यांनी स्वतःच पटाशी घेतली आणि मग परत द्यायलाच तयार नव्हते.

स्टूल झालं. सांधे घट्ट. पण एक पाय जरासा आखूड होता, त्यामुळे डुगडुगत होतं. मी करवत घेऊन एक पाय थोडा कापला, मग दुसरा कापला, मग पुन्हा पहिला. अशानं स्टुलाचा पाट व्हायची वेळ आली.

अण्णा दारात उभे होते. केव्हापासून उभे होते ते माहीत नाही. ते आले, स्टूल उचललं आणि फरशीवर सपाट जागा बघून ठेवलं. आखूड पायाखाली लाकडाची एक चपटी ढलपी सरकवली. स्टूल डुगडुगायचं थांबलं. मग खिशातली पेन्सिल काडेपेटीवर आडवी धरली आणि काडेपेटी फरशीवरून सरकवत चारही पायांभोवती सारख्या उंचीवर रेघ मारली.

“या रेघेवर काप,” ते म्हणाले.

मी कापलं. स्टूल सरळ उभं राहिलं.

“अण्णा, हे कुठं शिकलात?”

ते आबांकडे बघत होते. “शिकलो होतो लहानपणी,” म्हणाले, आणि हात धुवायला निघून गेले.

पेटी आता माळ्यावर नाही. ओसरीत असते. या स्टुलाचा फोटो मी ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय: ‘शिकवणारे : माझे आबा आणि अण्णा, सुतार, देवगाव फाटा.’